राजाची डावी बाही

पडदा वर गेला आणि शिंपीमास्तरांना सिंहासनावरच्या म्हाताऱ्या राजाआधी त्याचा कोट दिसला. लाल मखमलीचा, गळ्याला सोनेरी पट्टी, आणि शिवलेला त्यांनी स्वतः. आतला राजा म्हणजे त्यांची मुलगी. इतकी वर्षं कॉलेजच्या नाटकांत पडद्यामागे खुर्च्या उचलल्यावर शेवटच्या वर्षी कुठे तिला मोठी भूमिका मिळाली होती. मास्तरांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना सांगूनही टाकलं की कोट आपला आणि राजाही आपलाच. गृहस्थ मान डोलावून जरा पलीकडे सरकून बसले.

एवढ्यात राजाच्या खांद्यावर दिव्याचा झोत पडला आणि मास्तर पुढे झुकले. डाव्या बाहीला पांढरा धावदोरा होता. कपडा अंगावर घालून बघण्यापुरता घालतात आणि पक्की शिलाई मारली की काढून टाकतात, तो.

"अगं, बाही कच्चीच राहिली," ते बायकोच्या कानाशी पुटपुटले.

बायको म्हणाली, पोरीकडे बघा, दोरे कसले बघताय. पण मास्तरांना आता पोर कुठली दिसायला! त्यांची शिलाई उसवली असं म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं, आणि इथे पोटच्या पोरीची बाही भर सभेत गळून पडणार होती. शेवटी राजा हात उंचावून मोठं भाषण करतो, एवढं घरातल्या तालमींवरून त्यांना ठाऊक होतं. लोक फिदीफिदी हसणार आणि पोर पुन्हा म्हणून रंगमंचावर पाय ठेवणार नाही. हे सगळं आपल्या विसरभोळेपणामुळे.

शिंपी म्हटला की कॉलरच्या आत सुई आलीच, तीही दोरा ओवलेली. मास्तर वाकून निघाले. वाटेत त्यांनी त्या गृहस्थांचा पाय चांगलाच तुडवला. रंगमंचाच्या दाराशी एका मुलीने अडवलं, तर म्हणाले, मी राजाचा शिंपी. ते खरंच असल्यामुळे तिने आत सोडलं.

प्रवेश संपून अंधार झाला. मास्तरांनी चाचपडत सिंहासन गाठलं आणि खांदा धरून टाके घालायला सुरुवात केली.

"बाबा, नको," अंधारातून कुजबुज आली.

"हलू नकोस, टोचेल."

आणि दिवे लागले.

सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. विंगेत नाटक बसवणारे सर कपाळ धरून उभे होते. मास्तरांच्या हातातली सुई हवेतच थांबली. पळावं तर दोरा बाहीत अडकलेला.

राजाने सावकाश मान वळवली. मास्तरांनी त्या डोळ्यांत पाहिलं. सकाळी इस्त्रीवरून आईशी भांडलेली मुलगी तिथे नव्हतीच. होता तो एक थकलेला म्हातारा, ज्याचं राज्य हातातून चाललं होतं.

"शिंपी," राजा म्हणाला, "सगळे पळून गेले. तू अजून का थांबलास?"

मास्तरांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "काम अर्धं राहिलंय, महाराज."

"मग पुरं कर." राजाने खांदा पुढे केला.

कुणी हसलं नाही. मास्तरांनी शेवटपर्यंत शिवलं, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. आजवर कुठल्या गिऱ्हाइकापुढे वाकले नव्हते एवढे वाकले आणि पाठ न दाखवता विंगेत गेले.

तिथे सरांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं. बाही विसरून राहिलेली नव्हतीच. शेवटच्या प्रवेशात शत्रूचा शिपाई ती एका हिसक्यात फाडतो. तालमीत मास्तरांची शिलाई ओढून ओढून निघेना, म्हणून मुलीने स्वतःच ती उसवून कच्चे टाके घातले होते. बाबांना वाईट वाटेल म्हणून घरी बोलली नव्हती. मास्तर मटकन खुर्चीत बसले, कारण आता तर त्यांनी दुहेरी शिवली होती.

शिपाई आला. त्याने हिसका दिला, बाही हलली नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढलं, मग सिंहासनाला पाय लावून ओढलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मास्तरांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"ओढ, बाळ," राजाचा आवाज आला, शांत, अगदी कीव आल्यासारखा. "राज्य तुम्ही एका रात्रीत घेतलंत. पण ही बाही शिवणारा पळून गेला नव्हता."

खुसखुस जागच्या जागी थांबली. शिपायाने हात सोडला आणि काय करावं ते न सुचून गुडघेच टेकले. पडदा पडला तेव्हा सगळं सभागृह उभं होतं, पाय तुडवलेले गृहस्थसुद्धा. मास्तर विंगेत ढसाढसा रडत होते. एवढं मोठं माणूस आपल्या घरात राहतं आणि आपण त्याला कोपऱ्यावरून दूध आणायला पाठवतो, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

मुकुट काखेत मारून मुलगी तरातरा आली. "काय हो बाबा हे! उद्या परत प्रयोग आहे. आता रात्रभर बसून ही बाही कोण उसवणार?"

मास्तर खुर्चीतून उठले, ती खुर्ची त्यांनी तिच्यापुढे सरकवली आणि मान खाली घालून उभे राहिले.

"आपण बसा, महाराज," ते म्हणाले. "उसवायचं मी बघतो."