सतरा पायऱ्या आणि चार तास दहा मिनिटे

मेहुणीने जिना चढू नये. चित्रफीतच खाली यावी, असा निर्णय मी घेतला. निर्णय लहान होता, सद्भावनेने घेतलेला होता आणि सर्वानुमते संमत झालेला होता. (सर्व म्हणजे मी. पत्नी त्या वेळी स्वयंपाकघरात होती.)

पत्नीची ही थोरली बहीण गेली तीस वर्षे समुद्रापार राहते. आमच्या सासूबाई निवर्तल्या तेव्हा तिला येता आले नव्हते, आणि सासूबाईंचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता: मी स्वतः कॅमेरा हाती धरून घेतलेल्या बावीस मिनिटांच्या एका चित्रफितीत. घेतल्यापासून ती कोणीही पाहिली नव्हती. "ताई आली की दोघी मिळूनच बघू," असे पत्नीने ठरवून टाकले होते. मी ती कॅसेटवरून संगणकात उतरवून घेतली होती, आणि तो संगणक वरच्या मजल्यावर माझ्या अभ्यासिकेत होता. मेहुणीचे दोन्ही गुडघे मात्र कामातून गेलेले.

ती आठ दिवसांसाठी आली होती. "भाऊजी, आईचा आवाज एकदा कानावर पडला की मी निवांत परत जाईन," असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. मी म्हणालो, "ताई, आपण निश्चिंत असा."

आता, माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतच झाले. उरलेले सर्व मी स्वतः वाचून संपादन केले, आणि म्हणूनच कोणत्याही विषयावरील ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचल्याखेरीज मी त्या विषयाला हात लावीत नाही. घरातील दोन संगणक एकमेकांस जोडून एकाची फाइल दुसऱ्यात कशी न्यावी, या विषयावरचा ग्रंथ सहाशे पानांचा होता. तो मी आठव्या दिवशी सकाळी अकरा वाजता संपविला. (परिशिष्टांसह.) मेहुणीची टॅक्सी दुपारी चार वाजता येणार होती.

एक वाजता मी वरच्या संगणकावरून फाइल पाठविण्याची आज्ञा दिली आणि खाली दिवाणखान्यात येऊन लॅपटॉप उघडला. पडद्यावर अक्षरे उमटली: शिल्लक वेळ, चार तास दहा मिनिटे.

"म्हणजे किती वाजता?" पत्नीने विचारले.

"पाच वाजून दहा मिनिटांनी."

"आणि टॅक्सी चारला."

"अद्याप मी उपाययोजनेस प्रारंभ केलेला नाही," मी शांतपणे म्हणालो.

"अहो, पेनड्राइव्हवर घाला नं. खिशात टाकून आणाल खाली."

घरात टपालव्यवस्था उभी केल्यानंतर पत्र खिशात घालून पोहोचवायचे, हे मला तत्त्वतः मान्य नव्हते. मी तसे म्हणालो. पत्नी पुन्हा स्वयंपाकघरात गेली, आणि तिने तेथे जे पातेले ठेवले ते आवश्यकतेपेक्षा मोठ्याने ठेवले.

ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात मंदगतीची एकवीस कारणे दिली आहेत. मी क्रमाने निघालो. प्रथम राउटर. तो जमिनीलगत होता. त्यास उंच स्थान द्यावे असे ग्रंथ सांगतो. मी जेवणाच्या टेबलावर स्टूल, स्टुलावर शब्दकोशाचे दोन खंड आणि त्यांवर राउटर अशी रचना केली. शिल्लक वेळ चार तास पाच मिनिटे झाली. (तेवढ्यात पाच मिनिटे घड्याळातही गेली होती, परंतु ते माझ्या नंतर लक्षात आले.)

मग मायक्रोवेव्ह बंद केला. पत्नीच्या हातातून फोन घेऊन बंद केला. शेजारच्या शिंपीणबाईंना, त्यांच्या लहरी आमच्या लहरींत मिसळतात असे भिंतीअलीकडून समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "आजोबा, मी ब्लाउज शिवत्येय." मी आभार मानले.

"ताई, आपण जरा दारातून बाजूस व्हाल का?"

"का हो?"

"मनुष्यदेहात पाणी असते. पाणी लहरी शोषून घेते."

मेहुणीने बहिणीकडे पाहिले. "ऐकलंस? आठ दिवस तुझ्या घरी राहिले, आज कळलं मी पाण्याचं पिंप आहे."

"तुला आज कळलं," पत्नी म्हणाली. "मला लग्न झाल्यापासून रोज काहीतरी नवीन कळतंय."

तीन वाजेपर्यंत मी सोळाव्या कारणापर्यंत आलो होतो. दोन तारा बदलल्या होत्या, सोफा आडवा केला होता आणि मेहुणीला तिच्या बॅगेसह खिडकीजवळ बसविले होते. शिल्लक वेळ होती दोन तास दहा मिनिटे. मेहुणी आता विनोद करीत नव्हती. ती घड्याळ पाहत होती, आणि मी पाहतो आहे असे दिसले की पाहत नसल्यासारखे करीत होती. ते मला एकवीस कारणांपेक्षा जड गेले.

शेवटी पत्नीने आपला फोन चालू केला आणि संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येला लावून माझ्या कानाशी धरला.

"बाबा, फाइल केवढी आहे?"

"पाच जीबी."

"मग चाळीस मिनिटं लागायला हवीत फार तर. एकच फाइल पाठवताय ना?"

"एकच."

"एकदाच?"

"अर्थात नियमाप्रमाणे."

"कुठल्या नियमाप्रमाणे?"

येथे वाचकांस सांगितले पाहिजे की मी छत्तीस वर्षे सरकारी कचेरीच्या नक्कल विभागात काढली. तेथे कोणत्याही कागदाच्या तीन नकला होत. प्रत्येक नक्कल मूळ कागदाशेजारी परत आणून अक्षरशः ताडून पाहिली जाई. मगच शिक्का बसे. फाइली पाठविणाऱ्या प्रणालीने, ती घरी बसविताना, मला विचारले होते की प्रती किती, आणि पडताळणी करावी काय. इतका सुसंस्कृत प्रश्न मला निवृत्तीनंतर कोणी विचारला नव्हता. मी 'तीन' आणि 'होय' असे उत्तर दिले होते.

"बाबा," कन्या सावकाश म्हणाली, "म्हणजे ती फाइल तीनदा खाली येतेय, आणि तीनदा तपासायला परत वर जातेय?"

"ताळा घेतल्याशिवाय नक्कल ग्राह्य कशी धरणार?"

मग ती म्हणाली, "आईला फोन द्या."

मी सर्व रद्द केले. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी एकच प्रत, विनापडताळणी, रवाना केली. (शिक्क्याविना.) पडद्यावर आले: चाळीस मिनिटे.

"चार वाजून पाच मिनिटे!" मी विजयाने घोषणा केली. "टॅक्सीवाल्यास केवळ पाच मिनिटे थांबवावे लागेल."

"आणि फिल्म किती मिनिटांची आहे?" पत्नीने विचारले.

"बावीस."

सहाशे पानांत हा मुद्दा कोठेही आलेला नव्हता.

मेहुणी उठली. "जिन्याला पायऱ्या किती?"

"सतरा. परंतु ताई, आपले गुडघे—"

"गुडघे माझे आहेत, भाऊजी. तुमच्या फाइलीपेक्षा लवकर पोचतील. चल गं, हात दे."

त्या दोघी निघाल्या. एक पायरी, मग थांबा, मग "आई गं", मग दोघींचे हसू, मग पुढची पायरी. मला सोबत जावयाचे होते. परंतु हाती घेतलेले काम अर्धवट टाकून जाणे माझ्या स्वभावात नाही. मी लॅपटॉपसमोर बसून राहिलो आणि त्यांना धीर यावा म्हणून दर पाच टक्क्यांना वर हाक देऊ लागलो. त्या अभ्यासिकेत पोहोचल्या तेव्हा माझे वीस टक्के झाले होते.

पासष्ट टक्क्यांच्या सुमारास वरून असे काही हसणे ऐकू आले की मला राहवेना. मी जिन्याशी गेलो, परत येऊन "सत्तर टक्के!" असे ओरडलो आणि मगच वर चढलो.

पडद्यावर सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. त्या तोंड उघडीत आणि मिटीत, कारण कॅमेऱ्यामागून एक करारी आवाज अखंड चालू होता: "थांबा. लाल दिवा लागल्याखेरीज बोलू नये असे माहितीपुस्तकात आहे. आता बोला. नको, थांबा. प्रकाश डावीकडून हवा." हा आवाज एकवीस मिनिटे चालला होता. तो माझाच होता, हे मी येथे नमूद करतो. नाकारून उपयोग नाही.

मेहुणीने हातातला फोन पडद्यासमोर धरला होता आणि ती सर्व टिपून घेत होती. तिचे डोळे हसून हसून भरले होते. निदान मला सुरुवातीला तसेच वाटले. मग सासूबाईंना एकदाची संधी मिळाली.

"थोरले," त्या म्हणाल्या, "पत्रं जरा लांब लिहीत जा गं. तुझी पत्रं हातात घेतली की लगेच संपतात. मी ती पुरवून पुरवून वाचते. अजून खूप सांगायचं होतं, पण जावईबापू म्हणतात फीत संपत आली."

आणि फीत संपली.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मेहुणीने फोन छातीशी धरला. मग माझ्या दंडाला धरून ती सतरा पायऱ्या उतरली आणि टॅक्सीत बसताना म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कॅमेरा धरलात म्हणून आई आज बोलली. हे मी विसरणार नाही." त्या वाक्याने मी दोन दिवस घरात ताठ मानेने वावरलो. राउटर मी अद्याप शब्दकोशांवरून उतरविलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पोहोचल्यावर तिने फोनमधली ती चित्रफीत सगळ्या घराला दाखविली होती.

"नातीला पणजीचा आवाज फार आवडला हो," मेहुणी म्हणाली. "फक्त एक विचारत होती. म्हणाली, पणजीला बोलू न देणारी ही दोन माणसं कोण? एक तिच्या समोरून सूचना देतोय आणि एक कुठूनतरी खालून टक्के ओरडतोय."

"मग आपण काय सांगितलेत?"

"सांगितलं, दोन नाहीत गं, एकच आहे."