सोळा आण्यांचा उपग्रह

आमच्या साखर कारखान्यात एक माणूस उपग्रहाला सोळा आण्यांत बसवतो.

त्यांचं नाव मुरलीधर दरंदले. चेअरमनसाहेबांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना नाना म्हणतात. शेतकी ऑफिसच्या मागे एक खोली आहे, तिला नकाशा खोली म्हणतात. तिथे नाना प्रमुख आणि मी त्यांचा सहायक. तिसरं कोणी नाही, त्यामुळे प्रमुख असण्याचा सगळा भार माझ्यावरच पडतो.

काम सांगायला सोपं आहे. उपग्रहाकडून आम्हाला दोन चित्रं येतात. एक काळं-पांढरं, पण रेखीव. त्यात बांध, पाऊलवाट, गोठ्याचे पत्रे असं सगळं दिसतं. दुसरं रंगीत, पण चष्मा घरी विसरल्यासारखं. या दोन्हींचं लग्न लावून एक रेखीव आणि रंगीत चित्र करायचं. मग कुठे ऊस उभा आहे, कुठे वाळलाय, कुठे ऊस म्हणून नोंद आहे आणि प्रत्यक्षात जनावरांचा घास आहे, ते खुर्चीत बसून कळतं. लग्न लावताना संगणक विचारतो की कोणत्या रंगाला किती वजन देऊ. ही वजनं दशांशात भरायची असतात.

नाना दशांशाला हात लावत नाहीत. डोळे मिटून खुर्चीत मागे रेलतात आणि सांगतात, "लाल चार आने. हिरवा पाच आने. निळा दोन आने. आनि ह्यो न दिसनारा, पाच आने. झालं सोळा. टाका, भाऊसाहेब."

भाऊसाहेब म्हणजे मी. मग मी कॅल्क्युलेटर काढून आण्यांचे दशांश करत बसतो.

न दिसणारा म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पण उपग्रहाला दिसणारा किरण. हिरव्या पिकात तो सर्वांत जास्त झळकतो. एकदा मी म्हणालो की नाना, चित्रात जो दिसणारच नाही त्याला पाच आणे कशाला? ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी जणू कुणाचं घर बुडवलं. "गावाला गेलेला भाऊ दिसत न्हाई म्हनून त्याचा हिस्सा मारायचा का?" मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही. माझा स्वभावच तसा आहे. कॅन्टीनमधला शेवटचा बटाटेवडा माझ्या वाट्याला आला तरी मी संध्याकाळपर्यंत मान वर करत नाही. नानांवर लिहायचं म्हटल्यावरही आधी त्यांची परवानगी घेतली. ते म्हणाले, "लिवा. पन आधी रेघ, मंग रंग." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. चहा ओतणाऱ्यालाही ते हेच सांगतात, आणि त्याने आता अर्थ विचारणं सोडून दिलंय.

इतकी वर्षं वरून बघून बघून नानांना जग समोरून ओळखू येत नाही. कारखान्याच्या वसाहतीत ते नवीन घरात राहायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी भलत्याच घरात शिरून चपला काढून बसले. "आमच्या छपरावर काळी टाकी हाय, आग्नेयेला," असं त्या घरच्या बाईंना समजावू लागले. शेवटी नानांच्या पत्नी, आमच्या काकू, जाऊन त्यांना घेऊन आल्या. ताटात त्यांना लोणचं वायव्येला लागतं. आणि माणसं ते डोक्याच्या मध्यावरून ओळखतात. मी कागद उचलायला वाकलो की ते काळजीने म्हणतात, "भाऊसाहेब, तुमचं टक्कल उपग्रहाच्या अर्ध्या मीटरच्या ठिपक्यात अजून दिसायचं न्हाई. पन वाटचाल चांगली हाय."

सेटिंगमध्ये आणखी एक भानगड असते. दोन चित्रं जुळवताना प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायला संगणक शेजारच्या ठिपक्यांना विचारतो. एका शेजाऱ्याला विचारायचं, चारांना की सोळांना, ते आपण सांगायचं. नानांचा कौल कायम चारांना. एकाच शेजाऱ्यावर विसंबलं की माणूस फसतो आणि सोळांना विचारलं की ग्रामसभा होते, असं त्यांचं म्हणणं. सॉफ्टवेअर कंपनीचा एक टाय लावलेला तरुण प्रशिक्षण द्यायला आला होता. त्याने हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

पण नानांची खरी दुश्मनी पडद्यावरच्या एका छोट्या चौकटीशी आहे. तिच्यात टिचकी मारली की संगणक शून्य, म्हणजे अगदी काळा ठिपका, 'माहिती उपलब्ध नाही' असं धरतो आणि तिथे कोरी जागा सोडतो. एकदा ती टिचकी तशीच राहिली आणि छापलेल्या नकाशावर जागोजागी पांढरी भोकं पडली. नकाशा गावात गेला. तिसऱ्या दिवशी डोक्याला पटका गुंडाळलेले एक तात्या नकाशाची गुंडाळी काखेत मारून थेट आमच्या खोलीत. त्यांच्या जमिनीच्या गटात जिथे विहीर होती तिथे भोक होतं. विहीर खोल, आत अंधार. संगणकाने तिला माहिती उपलब्ध नाही म्हणून काढून टाकलेलं.

तात्या चिडले नव्हते, दुखावले होते. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पानी न्हाई तिच्यात, ते मला ठावं हाय. पन इहीर तरी ऱ्हाऊ द्या."

नानांनी उठून त्यांची माफी मागितली. मीही मागितली. कॅन्टीनचा पोऱ्या कप न्यायला आला होता, त्यालाही वाटलं आपणही मागावी. तेव्हापासून कोणतंही चित्र करण्याआधी नाना ती चौकट उघडून बघतात आणि बजावतात, "काळं हाय म्हंजे काय माहिती न्हाई असं हुतं का?"

यंदा चेअरमनसाहेबांच्या मनात आलं की वार्षिक सभेच्या मांडवात कारखान्याच्या सगळ्या कार्यक्षेत्राचं एक भलंमोठं चित्र फ्लेक्सवर लावायचं. प्रत्येक सभासदाला आपलं रान दिसलं पाहिजे. नाना एरवी सभेच्या कामातून अंग काढून घेतात. या वेळी स्वतः होऊन म्हणाले, मी करतो.

का म्हणाले, ते मला ठाऊक होतं. त्यांचा धाकटा भाऊ सोपानराव प्रवरेच्या काठी त्यांच्या मूळ गावातच राहतो. वडिलांच्या मागे दोघांची वाटणी झाली आणि मध्ये बांध आला. नानांचा हिस्सा एक जण वाट्याने करतो. त्याने एके वर्षी निरोप दिला की सोपानरावांचा नांगर बांध कोरतोय. दुसऱ्या कुणी असतं तर शिव्या दिल्या असत्या, चार दिवस बोलणं टाकलं असतं आणि पोळ्याला पुन्हा एकत्र जेवले असते. नानांनी चित्र काढलं. उत्तम काढलं. बांध कुठे होता आणि कुठे आला, हातभर फरक लाल रेघेने दाखवून ते चित्र पारावर चारचौघांसमोर अंथरलं. रेघ खरी होती. सोपानरावांनी खाली मान घालून फावड्याने बांध पूर्ववत केला आणि त्या दिवसापासून थोरल्या भावाशी बोलणं बंद केलं. नानाही तिकडे गेले नाहीत.

सोपानराव सभासद आहेत. दरवर्षी सभेला येतात, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसतात, जेवतात आणि जातात. नाना दरवर्षी सकाळी मला म्हणतात की यंदा बोलंल, आणि संध्याकाळी काहीच म्हणत नाहीत. या वर्षी त्यांचा हिशेब साधा होता. चित्रात आपलं रान बघायला प्रत्येक जण येणार. मग सोपानही येणार, आणि चित्राशेजारी आपण उभे असणार.

चित्र तयार होताना चेअरमनसाहेब येऊन बघून गेले. त्यांना ते पुरेसं हिरवं वाटलं नाही.

"नाना, हिरवा वाढवा जरा. लोक बघणार आहेत."

नानांनी विचारलं की सोळा आण्यांतून कुणाचा काढू? साहेबांनी पडद्यावर नजर फिरवली आणि निळ्याचा काढा म्हणाले, आपल्याकडे कुठे समुद्र आहे? नानांचा चेहरा उतरला. दोन आणेवाल्याचंच काढायचं, हा कुठला न्याय, म्हणून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. निळ्यातला अर्धा आणा काढणारा हात माझा होता. तो काढल्यावर पूर्वेकडचं कोरडवाहू रान असं काही पिवळं झालं की जिथे बाजरीसुद्धा कशीबशी येते तिथे सूर्यफुलं फुलल्यासारखी दिसू लागली. स्वतः साहेब म्हणाले, राहू द्या. मी तो अर्धा आणा परत भरला तेव्हा मला फार बरं वाटलं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी नाना फ्लेक्सवाल्याशी बोलायला गेले होते. मी पाठवण्याआधी शेवटचं म्हणून चित्र कोपऱ्या-कोपऱ्याने तपासत होतो. सगळीकडे बांध सुईने ओवल्यासारखे. प्रवरेच्या काठाला मात्र एक तुकडा अंधुक राहिलेला. दोन रानं मिळून एकच हिरवा डाग, जणू तिथे नुसतं रंगीत चित्र ठेवलंय आणि रेखीव चित्र त्यात मिसळायचं राहून गेलंय. मी मनात म्हटलं, नानांच्या हातून चूक! उद्या साहेब चार लोकांत बोलतील. मी लगेच त्या तुकड्यालाही सोळा आणे भरले आणि बटण दाबलं.

डाग फाटला. मधून सरळ, पांढुरका बांध आला, आणि बांधाच्या मध्यावर एक लहान गोल झाड, सावलीसकट.

मागे नाना उभे होते. मी अभिमानाने वळलो आणि त्यांचं तोंड बघून मला कळलं की रान कुणाचं आहे.

"व्हतं तसं करा," ते म्हणाले.

मी करू लागलो. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. बांध गेला, झाड गेलं, दोन्ही रानं पुन्हा एक झाली. नाना माझ्या खांद्यावरून बघत होते. काही वेळाने त्यांनी एवढंच विचारलं की त्यो निळा दोन आने हाय ना, आणि चहा सांगायला निघून गेले.

सभेच्या दिवशी भाषणं सुरू झाली, पण खुर्च्या रिकाम्या. सगळा मांडव फ्लेक्ससमोर. लोक वितीने आपलं रान मोजत होते आणि मग शेजाऱ्याचंही. शेजाऱ्याचा ऊस आपल्यापेक्षा हिरवा का, यावर दोन ठिकाणी आवाज चढले. एकाने विचारलं की आमची म्हस दिसती का. नाना म्हणाले, दिसली असती, पन त्या येळेला ती गोठ्यात हुती. विहीरवाल्या तात्यांनी आपला काळा ठिपका शोधून त्यावर बोट ठेवलं आणि फोटो काढून घेतला.

सोपानराव जेवणाआधी आले. पांढरी टोपी, नानांसारखंच नाक. गर्दीने त्यांना आपसूक वाट दिली, कारण दोघांचं सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी नदी शोधली, नदीवरून ओढा, ओढ्यावरून रान. मग वाकून बघू लागले. मला वाटलं, आता म्हणतील की माझंच रान पुसलं.

"सगळ्यांच्या रेघा हायेत," ते चित्राकडे बघतच म्हणाले. "हितं का न्हाई?"

"तिथं जमलं न्हाई," नाना म्हणाले.

सोपानरावांनी मान वळवून थोरल्या भावाकडे बघितलं. हातभरही रेघ चुकू न देणारा हा माणूस. जेवायला चला, असं लाउडस्पीकरवरून कोणी तरी ओरडत होतं आणि कोणीच हलत नव्हतं.

मग नानांनी घसा साफ केला. "सीताफळ हाय का अजून? बांधावरचं?"

ते झाड त्यांनी प्रत्येक चित्रात बघितलेलं असणार. आदल्या दिवशी तर त्याची सावलीसुद्धा माझ्या पडद्यावर होती. तरी त्यांनी असं विचारलं की जणू परगावचा माणूस चौकशी करतोय.

"हाय की," सोपानराव म्हणाले. "लई लागल्यात यंदा. डोळं उघडल्यात, उतरवाया आल्यात."

"ग्वाड हायेत का?"

सोपानरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"खाल्लं न्हाई अजून. बांधावरचं झाड, नाना. एकट्यानं कसं उतरवायचं?"

नाना फ्लेक्सकडेच बघत होते. माझ्याकडे न वळताच म्हणाले, "भाऊसाहेब, उद्याची माजी रजा टाका."