माझं पिंप पीत नाही!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमच्या खोऱ्यात रेड वाइन मुरवावी तर ती मीच! हे मी नाही म्हणत, सगळे म्हणतात. निदान मी विचारलं की म्हणतात.

आणि आमचं खोरं म्हणजे काय विचारता! दिवसा ऊन असं की डोक्यावरची टोपी तापावी, आणि रात्री डोंगरावरून असं गार वारं उतरतं की द्राक्षांनी पानं पांघरून झोपावं. नदीकाठी काळी माती, तिच्यावर लाल माती, आणि सगळ्यात वर आईचा दगडी उतार. एवढं असूनही बाटलीवर खोऱ्याचं नाव छापायची परवानगी आम्हाला नव्हती! अशी नावं देणाऱ्या वाइन मंडळाचं म्हणणं, तुमच्या वाइनला तुमची अशी चवच नाही. डोंगरापलीकडच्या खोऱ्याला मात्र नाव होतं. माझे सासरे तिकडचे. आले की मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "जावईबापू, आमच्या मातीची सर तुमच्या मातीला नाही हो!"

मी दात-ओठ खाऊन त्यांना आणखी एक पेला द्यायचो.

या वर्षी मंडळाचे पारखी स्वतः येणार होते. एक वाइन त्यांना पटली की अख्ख्या खोऱ्याला नाव! मळेवाल्यांच्या बैठकीत एकमताने माझंच पिंप ठरलं. म्हणजे मी बोलत राहिलो आणि ते दमले.

मी नदीकाठच्या मर्लो द्राक्षांची आणि लाल मातीतल्या शिराझ द्राक्षांची वाइन मिसळून ओकच्या लाकडी पिंपात मुरत ठेवली होती. त्याआधी आईने तिच्या उतारावरच्या कॅबर्ने द्राक्षांची पाटी आणली, तेव्हा मी एक द्राक्ष तोंडात टाकून तोंड वाकडं केलं. "आई, दात आंबले! ही माझ्या मिश्रणात नकोत."

"बरं," आई म्हणाली.

आई नुसतं 'बरं' म्हणाली की सावध व्हावं, एवढी अक्कल मला असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

आता पिंपाचं एक असतं. आतली वाइन लाकूड हळूहळू पितं. वर पोकळी राहिली की हवा शिरते आणि सगळं नासतं. म्हणून पिंप वरचेवर काठोकाठ भरावं लागतं. त्यासाठी माझ्याच मिश्रणाची वेगळी बरणी मी राखून ठेवली होती. पण चमत्कार असा, की भरायची वेळच येईना! बूच काढावं तर पिंप काठोकाठ!

"इतरांची पिंपं पितात, माझं पीत नाही!" मी गावभर सांगत सुटलो. कुणाला पटेना, म्हणून एकेकाला तळघरात आणून दाखवलं. सुतार आला, न्हावी आला, पोस्टमन तर पत्र नसतानाही यायला लागला. बुचातून काचेची नळी सोडायची, वाइन वर ओढायची आणि पेला भरायचा. एका पेल्यावर मी कुणाला सोडलं नाही. आणि दोन दिवसांनी बघावं तर पिंप परत भरलेलं! अक्षय्यपात्रच लागलं होतं हाताला!

शिवाय चवही चढत चालली होती. मी बायकोला पेला देऊन म्हणायचो, "बघ, लाकूड कसं बोलायला लागलंय!"

"हं," बायको म्हणायची आणि का कोण जाणे, पदर तोंडाला लावायची.

पारखी आले. काठीसारखा सडसडीत माणूस आणि नाक म्हणजे घराच्या आधी अंगण! तळघराच्या दाराबाहेर सगळे मळेवाले जमले होते. सासरेही खास आमची फजिती पाहायला आले होते. मी झोकात नळी ओढली आणि पेला भरला.

पारख्यांनी हुंगलं, घोट घेतला, डोळे मिटले. "यात दगड आहे," ते म्हणाले.

"छे हो! मी स्वतः गाळलंय!"

"दगडी जमिनीची चव म्हणतोय मी. हाच तर या वाइनचा कणा आहे!"

"अशक्य! दगडी उतारावरचं एक द्राक्षही यात नाही. विचारा आईला!"

विचारलं. आई म्हणाली, "तसं थोडं आहे."

"थोडं म्हणजे?"

"अरे, तू गावाला पाजत सुटलेला! पिंप रिकामं होऊन नासलं असतं. मग मी माझ्या द्राक्षांची माठात मुरवलेली वाइन ओतत गेले. तुला सांगितलं असतं तर तोंड फुगवून बसला असतास."

माझं अक्षय्यपात्र म्हणजे आईचा माठ! पण पारखी खूश दिसत होते. "उत्तम! आई काय, मुलगा काय, खोरं तेच. मग यात फक्त इथलीच वाइन आहे ना?"

"अर्थात!" मी ओरडलो.

बायको खोकली. ती खोकली की मी हल्ली हातातली वस्तू खाली ठेवतो.

"अहो, मलाही पिंप रिकामं दिसायचं," ती म्हणाली. "म्हणून मी बाबांनी डोंगरापलीकडून आणलेल्या बाटल्या ओतल्या. तुमचं नाव राहावं म्हणूनच हो!"

पारख्यांनी पेला खाली ठेवला. "पलीकडच्या खोऱ्याची वाइन? मग नाव देता येणार नाही. नियम आहे."

बाहेर लोक टाचा उंचावून बघत होते. त्यांनी बाटल्यांवर छापायचं नाव केव्हाचं रंगवून घेतलं होतं. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की मी मिरवलो आणि तुमचं नाव गेलं? मला खरोखर रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात आई सासऱ्यांकडे वळली. "व्याही, तुम्ही सांगता की मी सांगू?"

सासऱ्यांची मिशी प्रथमच खाली आली. "विहीणबाई, जाऊ द्या ना..."

"गेलंच असतं. पण इथं गावाचं नाव जातंय."

सासऱ्यांनी नजर बुटांकडे वळवली. मग एका दमात म्हणाले, "माझ्या वाइनची द्राक्षं विहीणबाईंच्याच उतारावरची! दर हंगामाला नेतो. आमच्याकडच्या द्राक्षांना तो कसच येत नाही."

"म्हणजे 'तुमच्या मातीची सर'..." मी म्हणालो.

"तुमच्याच मातीची, जावईबापू!"

पारखी हसले. "तरीच! दोन चवी शोधत होतो, सापडत एकच होती. पिकलं इथं, एकत्र मुरलंही इथंच. नाव मंजूर!"

बाहेर असा गलका झाला की तळघरात धूळ पडली. सुताराने आईला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आई मला म्हणाली, "कोल्ह्याला द्राक्षं आंबट ऐकलं होतं रे. पण घरच्या मळ्यातली आंबट म्हणणारा कोल्हा मीच जन्माला घातला!" खरं सांगतो, राग आला नाही. माझ्या आईच्या दगडांनी खोऱ्याला नाव मिळवून दिलं होतं, ऊर भरून आला होता.

तरी जित्याची खोड! मी राखीव बरणी पुढे केली. "हे माझं मूळ मिश्रण. निर्भेळ!"

पारख्यांनी घोट घेतला आणि पेला हळूच बाजूला ठेवला. "छान आहे," ते म्हणाले. "पिंप धुवायला वापरता का?"

आता बाटलीवर खोऱ्याचं नाव आहे, ठळक अक्षरांत. खाली लिहिलंय, 'चव : आई.' आणि त्याखाली, भिंग घेतलंत तर दिसेल, 'पिंप धुणारे : चिरंजीव.'

पण छापून आलंय ना नाव? मग झालं तर!