दरबारात बसता, का बागेत?

शहारेभाऊंच्या घरी कोणीही गेलं की ते पाणी विचारायच्या आधी विचारायचे, "कुठं बसता जी? दरबारात, का बागेत?"

मी तो प्रश्न पहिल्यांदा ऐकला तो मतदार यादीच्या कामानं गेले तेव्हा. मी शाळेत शिकवते, आणि यादीचं काम निघालं की आमच्या अर्जुनी मोरगावात पहिलं नाव माझं पुढं करतात. त्या दुपारी अजून एकोणीस घरं बाकी होती. मी म्हणाले, "खुर्चीवर."

"खुर्ची तं दोनीकडं तेच हाये, मॅडम. मागं का पाहिजे ते सांगा."

मी काही सांगायच्या आत त्यांनी भिंतीजवळची दोरी सोडली. वरून सर्रकन एक भलामोठा रंगवलेला पडदा उलगडत आला आणि माझ्या पाठीशी सहा खांब, लाल गालिचा, सिंहासन आणि दोन सिंह असा राजदरबार उभा राहिला. सिंहांचे डोळे माणसाचे होते. त्यातला एक सरळ माझ्या यादीकडे बघत होता.

मी पेन काढलं. "घरात मतदार किती?"

"दोन," शहारेभाऊ म्हणाले.

"अन् दोन सिंह," आतून आवाज आला. "त्याइचंबी नाव लिहून घ्या."

हा आवाज लीलावहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा.

शहारेभाऊ वीज मंडळात लाईनमन होते. नोकरी सगळी बाहेरगावी. सालेकसा, देवरी, पुन्हा सालेकसा, जंगलातल्या लाईनी. वारा सुटला, फांदी पडली की हे खांबावर. "मी घरं वरून पाह्यलो, मॅडम," ते सांगायचे. "कोणाच्या अंगणात किती कोंबड्या, कोणाच्या छपरीवर किती मोहफुलं वाळत घातली, सारं मालूम. पण आतमंधी लोक घर कसं सजवते, ते काई मालूम नाई."

निवृत्त झाल्यावर आमच्या मागच्या गल्लीत त्यांनी घर बांधलं. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. भिंती पांढऱ्या झाल्या, पंखे फिरले, बुद्धवंदना घेऊन झाली, पाहुणे जेवून गेले. मग हॉलच्या मधोमध उभं राहून ते म्हणाले, "आता?"

एक भिंत ठरलेली होती. तिच्यावर बुद्धमूर्तीचा कट्टा. तिला त्यांनी कधी हात लावला नाही. बाकीच्या तीन भिंतींनी मात्र त्यांना पुढची चार वर्षं झोपू दिलं नाही.

"आपली पसंत आपल्यालेच मालूम नाई, हे काई बरोबर नाई." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की पुढं वर्गात मुलांना कोणता विषय आवडतो ते विचारतानाही मला तेच आठवायचं.

पसंत शोधायला ते गाव हिंडू लागले. कोणाच्या घरी वास्तू असो, बारसं असो, नाहीतर नुसता मीटर बंद पडलेला असो, शहारेभाऊ हजर. माणसांकडे पाहायचे नाहीत, भिंतींकडे पाहायचे. "हे घड्याळ इथं काऊन लावलं जी?" लोक गोंधळायचे. घड्याळ तिथं का लावलं हे कोणाला माहीत असतं? तिथं खिळा होता म्हणून लावलं. बाजारातल्या एका कापडवाल्या शेठकडे भिंतीवर सोनेरी चौकटीत तीन घोडे होते. भाऊंनी विचारलं, "शेठजी, घोडे आपको पसंद है क्या?" शेठजींनी पहिल्यांदाच घोड्यांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "अरे भाई, वो तो साले साहब ने दिया था. हटाऊँगा तो घर में महाभारत हो जायेगा."

माझ्याकडेही आले. आमचं घर मी यादी करून सजवलं होतं. रंग, पडद्याचे दांडे, गाद्यांची खोळ, कुंड्या, सगळं धरून चौसष्ट गोष्टी, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. मी अभिमानानं वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "मॅडम, हेच्यात आवड कोणत्या नंबरवर हाये?"

मी म्हटलं, "चहा घेता का?"

भिंत तपासायची त्यांची एक रीत होती. नवा रंग दिला की त्या भिंतीसमोर कपभर चहा घेऊन बसायचं. चहा प्यायचं लक्षात राहिलं तर भिंत नापास. पाहता पाहता चहा थंड झाला तर पास. गुलाबी भिंत दोन घोटांत नापास झाली. निळी अर्ध्या कपात. पोपटी भिंतीसमोर चहा थंड झाला, तेव्हा ते आनंदानं आम्हाला बोलवायला आले, पण वहिनींनी सांगितलं, "भिंतीनं नाई व मॅडम. डोळा लागला होता त्याइचा."

आणि मग पडदे आले.

आमच्या भागात दिवाळी झाली की मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगाव जत्रा, लेकीबाळी माहेरी, आणि मंडपात नाटकं. मंडपाला तात्पुरती वीज द्यायची ती लाईनमननं. त्यामुळं शहारेभाऊंची सगळ्या नाटक कंपन्यांशी ओळख. मधल्या काळात कंपन्यांनी हातानं रंगवलेले पडदे काढून फ्लेक्स आणायला सुरुवात केली. जुने पडदे कोणाच्या बैलगाडीवर, कोणाच्या धानाच्या पोत्यांवर झाकण म्हणून जाऊ लागले. शहारेभाऊंनी चार उचलून आणले. दरबार, बाग, झोपडी आणि रस्ता.

"सापडली!" ते म्हणाले. "माही पसंत सापडली. एक नाई, चार हाये."

हॉलमध्ये दरबार, बाग आणि झोपडी एकामागे एक, दोऱ्या-चाकांवर. लाईनमनचं काम; चाकं इतकी सफाईनं फिरायची की पाहत राहावं. चूक एकच झाली. पडदे रंगमंचाचे आणि भिंत चौदा फुटांची. दरबाराचे शेवटचे दोन खांब कोपऱ्यातून वळून दुसऱ्या भिंतीवर गेले. बागेतला मोर बरोबर खिडकीवर आला. खिडकी उघडायची तर मोराचं पोट कापावं लागणार. "एवढ्या मेहनतीनं काढला असन कोणी," म्हणून ती खिडकी त्यांनी कायमची बंद ठेवली.

चौथा पडदा, रस्त्याचा, स्वयंपाकघराच्या भिंतीला. दोन्ही बाजूंना झाडं, लांबवर गेलेली वाट, एक मैलाचा दगड. वहिनी त्याच्यासमोर पाट टाकून बसायच्या. मी एकदा वाटी परत करायला गेले तर म्हणाल्या, "पाहा मॅडम. तीस वर्षं संसार केली, अन् म्हातारपणी रस्त्यावर बसून कांदे चिरून राहिली मी."

भाऊ हॉलमधून म्हणाले, "सावली हाये ना पण."

कडेलोट झाला तो एका दुःखाच्या दिवशी. भाऊंचे चुलतभाऊ वारले, आणि सौंदडहून पाहुणे भेटायला आले. हॉलमध्ये बाग लावलेली. कारंजं, गुलाब, मोर. पाहुणे दारात येऊन रडू लागले, तेव्हा भाऊंच्या लक्षात आलं की ही जागा बरोबर नाही. अशा वेळी झोपडी बरी. त्यांनी डोळे पुसत पुसत दोरी ओढली. बाग अर्धी वर गेली आणि चाकात अडकली. खाली गरिबाची झोपडी, विझलेली चूल, फुटकं मडकं. वर कारंजं आणि मोराची मान. पाहुण्यांतली एक म्हातारी हुंदका आवरून म्हणाली, "काऊन गा, घरावर मोर बसला?" आणि एका सुनेला हसू फुटलं. एकीला फुटलं की थांबतं थोडंच? दुखवट्याच्या घरी सगळे हसले, आणि हसल्याबद्दल पुन्हा रडले. लीलावहिनींनी सगळ्यांना चहा दिला.

पुढच्याच आठवड्यात त्या नागपूरला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. तीन महिन्यांसाठी. तिनाचे चार झाले, चाराचे पाच. मग लेकीचा निरोप आला: आई म्हणते, घरासारखं घर करा, मग येते.

शहारेभाऊ माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. "मॅडम, यादी करून द्या. तुमी म्हणान ते करतो. ती आली पाहिजे."

यादी करायला सांगितलं की मला हुरूप येतो. एक: चारही पडदे उतरवणे. दोन: खिडकी उघडणे. तीन: सगळ्या भिंतींना फिकट क्रीम रंग. चार: सोफा. अशा बावीस गोष्टी लिहिल्या. भाऊंनी एकही प्रश्न न विचारता महिनाभरात बावीसच्या बावीस केल्या. पडद्यांच्या घड्या करून माळ्यावर टाकल्या. घर अगदी नीटनेटकं झालं. गल्लीतल्या कोणत्याही घरासारखं. मी सगळ्या खुणा केल्या आणि म्हणाले, "आता लावा फोन."

त्यांचा मोबाईल नवा होता आणि त्यांना स्पीकर बंद करता येत नव्हता. म्हणून मीही ऐकलं.

"झालं घर," ते म्हणाले. "क्रीम कलर हाये. सोफा हाये. ये आता."

पलीकडे बाळ रडत होतं. मग वहिनींचा आवाज आला, "कोणाची पसंत हाये?"

भाऊ कधी खोटं बोलत नाहीत. "शाळेतल्या मॅडमची."

"मंग त्या मॅडमलेच राहू द्या तिथं."

फोन बंद झाला. आम्ही दोघं सोफ्यावर बसलो होतो. नव्या सोफ्याला प्लास्टिकचं आवरण तसंच होतं, ते हललं की करकरायचं. मी बावीस नंबरांकडे पाहिलं आणि वही पर्समध्ये टाकली.

"भाऊ, वहिनींना काय आवडतं?"

"तिले?" ते उत्साहानं सांगू लागले. "हिरवी मिरची आवडते, लाल नाई. चप्पल पाच नंबर. उन्हाळ्यात डोकं दुखते. जोंधळ्याची भाकर..." मी मधेच अडवलं.

"घरात. घरात काय आवडतं?"

ते बराच वेळ बोटं मोजल्यासारखी करत राहिले. "लगन झालं तं माह्या मायच्या घरी राह्यली. तिथं सारं मायचं. डब्बा बी मायले विचारून हालवायचा. मंग पोरीच्या शिक्षणापायी गोंदियाले, भाड्याच्या खोलीत. तिथं खिळा ठोकला तं मालक बोंबलायचा. मी पंधरा दिवसांनी याचो, कपडे धुऊन घ्यायचो, जायचो." मान खाली घातली. "मले मालूम नाई, मॅडम."

"मग विचारा."

"आता? एवढ्या वर्षांनी?" तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस हे विचारायला घाबरला होता. "ती म्हणन, आताच काऊन?"

"म्हणू द्या."

दुसऱ्या दिवशी ते नागपूरला गेले. चार दिवसांनी एकटेच परत आले. मी फाटकातच गाठलं.

"विचारलं?"

"विचारलो. पोराले तेल लावून राह्यली होती. म्हटलो, लीला, तुले घर कसं पाहिजे? पोराचे दोनी पाय चोळून झाले, हात झाले, पाठ झाली. मले वाटलं, ऐकलंच नाई. मंग म्हणते, मले मालूम नाई जी. कोणी विचारलंच नाई तं मालूम कसं रायन?"

"मग? येणार का नाही?"

"विचार करते म्हणे."

पुढचे दहा दिवस शहारेभाऊ कोणाच्याही घरी गेले नाहीत. संध्याकाळी स्टेशनकडे जायचे, गाडी गेली की परत यायचे. विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे करून राहिलो." त्या स्टेशनवर पाय मोकळे करण्यासारखं काहीही नाही.

अकराव्या दिवशी शाळेतून येताना त्यांचं दार उघडं दिसलं. सोफा बाहेर ओसरीत काढलेला. हॉल पूर्ण रिकामा. शहारेभाऊ स्टुलावर उभे, हातात हातोडी. खाली लीलावहिनी, प्रवासाचीच साडी, कमरेवर हात. क्रीम रंगाच्या नव्या भिंतीला सात-आठ भोकं पडलेली.

"वर," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी ठोकलं. "इथं?"

"नाई जी. खाली. अन् थोडं खिडकीकडं."

त्यांनी खिळा उपटला, खिडकीकडं सरकले, पुन्हा ठोकला.

मी आत गेले. "काय लावताय?"

"ते अजून ठरलं नाई," भाऊ वरून म्हणाले. "पयले खिळा कुठं पाहिजे ते पाहून राहिलो."

वहिनींनी मला हाताला धरून भिंतीसमोर उभं केलं. "मॅडम, तुमीच सांगा व. इथं बरं का तिथं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात शहारेभाऊंनी स्टुलावरून घाईघाईनं हातोडीच हलवली. "नाई नाई! तुमी नोका सांगू. तिले सांगू द्या."

वहिनी दोन पावलं मागे गेल्या. मान तिरकी केली. एक डोळा मिटला. मला घरी जाऊन कुकर लावायचा होता, तरी मी थांबले.

"अजून उजवीकडं," त्या म्हणाल्या. आणि मग, जरा चाचपडत, "थोडं वर. मले आतल्या पलंगावरून दिसलं पाहिजे."

शहारेभाऊंनी खिळा काढला. भिंतीतला चुना त्यांच्या केसांवर सांडला. तो न झटकता ते टाचा उचलून उजवीकडं वाकले, खिळा भिंतीला टेकवला आणि न ठोकताच मागे वळून तिच्याकडे पाहत राहिले.

"सांग," ते म्हणाले. "अजून सांग."