रुकय्याआपांच्या फायलींची नावं

मुरुडमध्ये कुणाची कंप्युटरवर लिहिलेली फाइल नाहीशी झाली की तो रुकय्याआपांना फोन करतो, आणि आपा 'हॅलो' म्हणायच्या आधी 'हात वर!' म्हणतात. तेही अशा फौजदारी आवाजात, की माणसाचे हात आपोआप वर जातात. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचा आणि उभं राहायचं. एका पतसंस्थेचे सेक्रेटरी वार्षिक अहवाल घालवून असे हात वर करून उभे होते, तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आत आला. दरोडा पडला असं समजून तो ट्रे टाकून जो पळाला तो थेट एसटी स्टँडवर सापडला.

फोन फाइलसाठीच आहे हे आपांना उचलण्याआधी कसं कळतं, असं मी एकदा विचारलं होतं. "दुसऱ्या कामाला मला फोन करतंय कोण?" त्या म्हणाल्या. मी हसलो होतो.

हात वर करायला लावण्यामागे शास्त्र आहे. आपांच्या मते फाइल स्वतःहून कधीच मरत नाही. ती गेली असं वाटल्यावर माणूस घाबरून जी बटणं दाबतो, त्यांनी ती मरते. म्हणून आधी हात वर. मग उलटतपासणी. "फाइलची खिडकी बंद केलीस का? नाय ना? शाब्बास. आता एकच बोट खाली घे." त्या एका बोटाने मागे मागे जात निम्म्या फायली परत येतात. उरलेल्यांसाठी कंप्युटरने गुपचूप ठेवलेल्या प्रती हुडकायच्या. त्याही नसल्या तर शेवटचा प्रश्न, "कुणाला पाठवली होतीस?" कारण कागद कुणाला तरी दाखवल्याशिवाय माणसाला राहवत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. "गेली कुठं? हितंच कुणाच्या तरी घरात बसली असल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की रडकुंडीला आलेला माणूससुद्धा खुर्ची ओढून बसतो.

मी हायस्कूलला मराठी शिकवतो. टायपिंगची परीक्षा मी आपांच्याच हाताखाली दिली, तेव्हा त्यांच्या टायपिंगच्या दुकानात चार खडखडणारी टाइपरायटर यंत्रं होती आणि बोट चुकलं की त्या पट्टी मारायच्या. आता यंत्रांच्या जागी कंप्युटर आला आणि त्यावर त्या गावाचे अर्ज, पत्रिका टाइप करून देतात, पट्टी मात्र तीच आहे.

आमच्या भागात फायली का मरतात ते सांगायला हवं. आमच्याकडे कोरं पान कुणी उघडतच नाही. जुना अर्ज उघडायचा, नाव-गाव बदलायचं आणि तोच सेव्ह करायचा. नवा तयार झाला म्हणजे जुना मेला, हे छापून आल्यावर कळतं. काशीदच्या एका लॉजवाल्याने आपल्या मेनूकार्डावरच मुलीची लग्नपत्रिका लिहिली. वरून सगळी झकास होती. तळाशी, आपल्या आशीर्वादांची अपेक्षा व्यक्त केल्यावर, 'नाश्ता सकाळी आठ ते दहा' ही ओळ राहिली. लग्नाला माणसं सकाळी आठपासून हजर.

यावर आपांनी स्वतःपुरता उपाय काढला होता. 'अर्ज', 'अर्ज नवीन', 'अर्ज फायनल' असली नावं त्या फाइलला कधीच देत नाहीत. त्या दिवशी जे घडलं असेल ते नाव. "अर्ज हजार असतात. आजचा दिवस एकच असतो. मग फाइल फाइलवर कशी बसल?" त्यामुळे त्यांच्याकडे हरवत काही नाही, फक्त सापडायला जरा वेळ लागतो. कुणाचा तरी नळजोडणीचा अर्ज सरकारी कचेरीत ईमेलने 'बांगडा खारट झाला' या नावाने पोचला होता. तिथल्या साहेबांनी फोन करून विचारलं, तक्रार नक्की कशाबद्दल आहे?

मीही हसायचो. मग माझ्यावर वेळ आली.

माझे वडील, आबा, एसटीत ड्रायव्हर होते. मुरुड-अलिबाग रस्त्यावर त्यांची बत्तीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी मला त्या रस्त्याच्या आठवणी सांगितल्या आणि मी त्या लिहून घेतल्या. जिची टोपली टपावर राहिली म्हणून काशीदच्या उतारावरून गाडी मागे घेतली ती म्हातारी, गाडीतच जन्मलेलं आणि पुढे कंडक्टर झालेलं पोर, असं सगळं. ऐंशी पानं झाली. ऐंशीव्या वाढदिवसाला त्याचं छोटं पुस्तक करून त्यांच्या हातात द्यायचं असं माझ्या मनात होतं. दरम्यान आबांचं विसरणं वाढलं. आता ते मला कधीकधी माझ्या काकाच्या नावाने हाक मारतात. त्या म्हातारीची टोपली त्यांच्याकडून पुन्हा कधीच ऐकायला मिळणार नव्हती.

आणि मराठी शिकवणाऱ्या या शहाण्याने, अक्षरांचा फाँट छान लागलाय म्हणून, आबांचीच फाइल उघडली, सगळं पुसलं, शाळेसाठी रजेचा अर्ज लिहिला, सेव्ह केला, फाइल बंद केली आणि लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तकाला शीर्षक द्यावं म्हणून फाइल उघडली. 'माननीय मुख्याध्यापक यांस, घरगुती कारणास्तव...' माझे हात आपोआप वर गेले.

फोन लावला. आपा अलिबागला दवाखान्यात होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि साखर वाढल्यामुळे दोन दिवस ठेवून घेतलं होतं. मला त्याचा पत्ताच नव्हता, ते त्या फोनवरच कळलं.

"हात वर!" आवाज बारीक होता, पण हुकूम तोच. मी सगळं सांगितलं.

"सबर कर, मास्तर. दिवाळीनंतर तूच पेनड्राइव्ह घेऊन आलेलास ना? अक्षरांचे चौकोन झालेले, ते मी नीट करून दिले. माझ्याकडची प्रत मी कवा पुसलीय? दुकानाची किल्ली बाजूच्या बेकरीत हाय. पासवर्ड स्क्रीनलाच चिकटवलाय. जा."

"नाव काय दिलं होतंत?"

"ते कुणाला आठवतंय? दिवाळीपासनं एकेक वाचत ये. ऐकलं की कळल."

दुकानात त्यांच्या खुर्चीवर बसून, फोन स्पीकरवर ठेवून, मी फायलींची नावं मोठ्याने वाचायला लागलो. 'कोळंबी महाग'. 'लाईट गेली चार तास'. 'मांजर परत आली'. पलीकडून प्रत्येक नावाला "नाय, पुढं." 'जावेदचा फोन'. जावेद त्यांचा मुलगा, मस्कतला असतो. 'गुडघा'. 'जावेद बिझी'. 'फोन नाही'. पुढे पुन्हा 'फोन नाही', शेजारी दोनचा आकडा. मग तीन. मग चार.

मी वाचायचा थांबलो. तीन-चारशे माणसांचे दाखले, पत्रिका, करारनामे त्या यादीत होते, आणि त्यांच्या नावांमध्ये एका बाईचं सगळं वर्ष पडलेलं होतं. वीस वर्षं मी या दुकानात येतोय आणि फाइलशिवाय एक गोष्ट त्यांना विचारली नव्हती. मला माझी लाज वाटली.

"काय झालं? वाच की," आपा म्हणाल्या. "जावेद चांगला हाय रे. त्याची ड्युटी तशी पडते."

वाचलं. 'फोन नाही ५'. 'नवीन चादर'. आणि त्याखाली, 'काकांनी विचारलं जेवलीस का'.

"थांब," आपा म्हणाल्या. "हीच."

आपा आबांना काका म्हणतात. मला तो दिवस आठवला. आपल्या आठवणी त्या बोटभर पेनड्राइव्हमध्ये कशा मावतील म्हणून आबा संशयाने माझ्यासोबत आले होते. मी आणि आपा चौकोनांशी झटत होतो तेव्हा ते बाकावर बसून होते, आणि मध्येच कधीतरी म्हणाले, "बाय, जेवलीस का?" मी लक्षही दिलं नव्हतं.

फाइल उघडली. ऐंशी पानं जिथल्या तिथे होती. म्हातारी होती, टोपली होती. मी टेबलावर डोकं टेकून चांगला रडलो, आणि आपा फोनवरून ओरडत होत्या, "रडतोस काय, आधी दुसरी प्रत काढ!"

दुसऱ्या दिवशी सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या डब्यात भरून मी अलिबागची गाडी पकडली. आबा हट्टाने बरोबर आले. कुठे चाललोय ते त्यांनी वाटेत चार वेळा विचारलं, पण काशीदच्या उतारावर ड्रायव्हरला गिअर बदलायला अगदी वेळेवर सांगितलं.

दवाखान्यात आपांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. सोबतीला राहिलेली त्यांच्या नणंदेची मुलगी नुकतीच घरी गेली होती. खाटेशेजारच्या स्टुलावर दवाखान्याचं जेवणाचं ताट होतं, पुसून काढल्यासारखं रिकामं. आबा खाटेपाशी उभे राहिले. ही बाई कोण, ते त्यांना अजिबात आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्यांनी तिच्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या डब्याकडे.

"बाय, जेवलीस का?"

आपांनी रिकामं ताट हळूच स्टुलाखाली सरकवलं, उघडा डोळा पदराने टिपला.

"नाय जेवले, काका," त्या म्हणाल्या. "वाढा."