आधी फुंका, मग बोला

डॉ. केळुसकरांनी छातीत ओढायला दिलेल्या पावडरीच्या कॅप्सुली मी दोन आठवडे पाण्याबरोबर गिळत होतो. ओढायचं यंत्र सोबत दिलं होतं. ते मी दाढीच्या सामानात ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

म्हटलं, "दमा तसाच आहे, पण पोटाला थंडावा आहे."

डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली. "गोविंदा, ये, बघून घे. ह्यांना पोटात दमा आहे."

मुलुंडला बाजारातल्या गल्लीत त्यांचा दवाखाना. टेबलावर एक नळी असे. जोरात फुंकली की काटा सरकायचा आणि फुप्फुसांची लायकी कळायची. समोर येईल त्याला डॉक्टर तीत फुंकायला लावत. पेशंट तर सोडाच, पोस्टमन, लग्नपत्रिका द्यायला आलेले पाहुणे, गणपतीच्या वर्गणीला आलेली मंडळाची पोरं, कोणाची सुटका नव्हती. कोणी "नमस्कार डॉक्टर" म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "आधी फुंका, मग बोला."

दुसरं वेड धुळीचं. दम्याचं मूळ गादीतल्या धुळीत आणि तिच्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांत आहे, यावर त्यांचं संशोधन चाललेलं. या किड्यांना ते 'पोटभाडेकरू' म्हणत. "गादी तुमच्या नावावर, राहतात ते!" रविवारी सकाळी जॅमची रिकामी बाटली आणि जुना टूथब्रश घेऊन ते पेशंटांच्या घरी जायचे आणि गाद्या झाडून धूळ जमवायचे. 'सावंत, डबलबेड', 'देशपांडे, दिवाण' अशा चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्यांनी दवाखान्याची मांडणी भरली होती. माझ्या आईने एकदा ती बघून विचारलं होतं, "मसाला घरीच कुटता का हो?"

आमच्याकडे दमा वडिलोपार्जित. मला होता, धाकट्या बहिणीला, कुंदालाही होता. माझं लग्न दमा कळायच्या आत उरकलं होतं. कुंदाची दोन स्थळं मात्र दम्याचं नाव ऐकून परत गेली होती. तिसरं स्थळ होतं सुधीरचं. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. तो कुंदाला फोटोतच आवडला. आईने तिला शपथ घातली, "या वेळी तोंड उघडायचं नाही." कुंदा म्हणाली, "आणि लग्नानंतर काय, श्वासच घ्यायचा नाही?" पण गप्प बसली.

बघायचा कार्यक्रम रविवारी सकाळी. गादी झाडायला डॉक्टरांना तोच रविवार मी दिला होता, हे मला पाहुण्यांच्या हातात पोहे गेल्यावर आठवलं.

तेवढ्यात सुधीरच्या आईला टीव्हीच्या डोक्यावर ठेवलेला कुंदाचा दम्याचा पंप दिसला. "ह्यां काय?"

"अत्तर," मी म्हणालो.

माउलीने मनगटावर फुस्स केलं नि हुंगलं. "वास खंय?"

"फॉरेनचं आहे. वास उशिरा येतो."

कुंदाला हसू फुटलं, हसण्यातून खोकला, आणि त्या खोकल्यात बेल वाजली. दारात केळुसकर, खांद्याला पिशवी, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात ब्रश.

"हे कोण?" सुधीरच्या वडिलांनी विचारलं.

"आमचे... गादीवाले," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग साडीतल्या कुंदाकडे, पोह्यांकडे, पंपाकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलं. आता बोंब होणार म्हणून मी डोळे मिटले. पण डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हो, गादीवाला. आत जाऊ ना?"

"थांबा," कुंदा उभी राहिली. "मला दमा आहे. ते अत्तर नाही, माझा पंप आहे. आणि हे माझे डॉक्टर आहेत."

आईने पदर तोंडाला लावला. सुधीर मात्र म्हणाला, "डॉक्टर, त्या पिशवीतनं नळी कसली डोकावतेय?"

झालं! केळुसकरांचा चेहरा खुलला. सुधीरने फुंकलं. कुंदाने फुंकलं. सुधीरच्या वडिलांनी छाती फुगवून फुंकलं, तर काटा कुंदाच्याही बराच खाली राहिला.

"विडी?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर सुधीरच्या आईने दिलं. "ह्येंच्या खोकल्यावांगडा तीस वर्सां संसार केलंय मी. ह्या चेडवाचो दमो माका काय जड जातलो?" आणि तिने कुंदाला जवळ बसवून घेतलं.

डॉक्टरांना सोडायला मी खाली गेलो. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले, खिशातून पंप काढून त्यांनी दोनदा ओढला.

"लहानपणापासून आहे," ते म्हणाले. "माझ्या आईनेही लपवला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत बायकोला कळलं. दम्याचं तिला काही नव्हतं हो. 'सांगितलं का नाहीत?' एवढंच विचारत राहिली. माहेरी गेली, ती गेलीच. मी तेव्हा डोळ्यांचा डॉक्टर होणार होतो. मग छातीकडे वळलो."

जिन्यात कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "डॉक्टर, मी काय बोलू..."

"काही नको," केळुसकर म्हणाले. "तुम्ही तोंड उघडलंत की दुसऱ्याला निस्तरावं लागतं."