मेहेंदळ्यांचा थिरथिरा

आमचे शेजारी मेहेंदळे दिवाळी संपली की कुजबुजायला लागतात, ते थेट होळीपर्यंत. घशाला काही झालेलं नसतं. घसा खणखणीत आहे. उन्हाळ्यात नळाचं पाणी गेलं की त्यांचा आवाज खडकी स्टेशनापर्यंत जातो. पण थंडी पडली की हा माणूस फोनवरसुद्धा कुजबुजतो. बाजारात जाऊन वांग्यांचा भावही कुजबुजत करतो. तिथली भाजीवाली एकदा म्हणाली, "आजोबा, वांगी चोरीची न्हाईत, मोठ्यानं बोला."

हे सगळं एका पाखरासाठी. पाखरू केवढं, तर चिमणीएवढं. वरून काळं, पोटाला विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरत असते, हिवताप भरल्यासारखी. मेहेंदळे त्याला थिरथिरा म्हणतात. पुस्तकात तसं आहे म्हणे. दर थंडीला तो हिमालयाकडून येतो, असंही पुस्तकात आहे. मी त्याला काळी चिमणी म्हणतो. मी चौथीतून शाळा सोडली, दारूगोळ्याच्या कारखान्यात लेथवर जन्म काढला, आणि माझ्या शेवग्यावर बसणाऱ्या पाखराला काय म्हणायचं ते मी ठरवणार.

माझ्या शेवग्यावर, हे मुद्दाम सांगतो. कारण बाग मेहेंदळ्यांची. अळू आहे, जास्वंद आहे, पाण्याची मातीची थाळी आहे. पाखराला किडे मिळावेत म्हणून हा माणूस थंडीभर पाचोळा झाडत नाही. एवढी सरबराई करूनही पाखरू बसतं मात्र भिंतीअलीकडे, माझ्या शेवग्याच्या वाळक्या फांदीवर. तिथून खाली झेप घेतं, मेहेंदळ्यांच्या पाचोळ्यातला किडा उचलतं आणि परत माझ्या फांदीवर येतं. जेवायला त्यांच्याकडे, बसायला माझ्याकडे. याचं मेहेंदळ्यांना फार लागतं.

सकाळी ते मातकट स्वेटर आणि माकडटोपी घालून अळवाच्या मागे खुर्ची टाकतात आणि अळवासारखेच बसून राहतात. गल्लीत कुणी जरा मोठ्यानं बोललं की पानातून एक हात वर येतो. "पाहुणा बसलाय." बस, एवढंच. भंगारवाल्याला त्यांनी ओरडायची बंदी केली. तो बिचारा हातगाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी मुका उभा राहिला, लोकांना वाटलं कुणीतरी गेलं. माझ्या फाटकाची बिजागरी वाजते म्हणून एका सकाळी स्वतःच्या बाटलीतलं खोबरेल तिला घालताना मी त्यांना पकडलं. मला म्हणाले, "आपण घालणार नव्हतात, म्हणून." माझ्या खोकल्यावरही ते नाराज आहेत. "अहो जगताप, आपला खोकला पाळीव आहे की रानटी?" असं मला भर चौकात विचारलं. कुजबुजतच विचारलं, पण ऐकायचं त्यांनी ऐकलं.

मेहेंदळे मूळचे सदाशिव पेठेतले. तिथल्या दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला. मग सरकारी कचेरीतून सुटल्यावर या गृहस्थाच्या मनात बाग आली. त्यांनी त्या खोल्या विकल्या आणि आमच्या शेजारचं हे बैठं घर घेतलं. सगळं रीतसर केलं, फक्त बायकोला विचारायचं राहिलं. वहिनींना कळलं ते टेम्पो दाराशी लागला तेव्हा. जिचं माहेर पेठेत, मैत्रिणी पेठेत, मंडई पायाखालची, ती बाई सामान घेऊन मुकाट्यानं इथं आली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलली नाही. ताट वाढते, कपडे धुते, पण बोलत नाही. आमच्या हिराशी, म्हणजे माझ्या बायकोशी, ती तासभर बोलते, तिथूनच हे सगळं मला कळलं. मेहेंदळेही माफी मागणाऱ्यातले नव्हेत. अबोल्याला अबोला. नळावरची ओरड सोडली तर उन्हाळ्यात त्या घरातून फक्त भांड्यांचा आवाज येतो.

तर त्या वाळक्या फांदीचं. शेवगा मुळात ठिसूळ झाड, त्यात ही फांदी पार वाळलेली. खाली हिरा बाज टाकून वाळवण घालते. कुरडयांत सालपटं पडतात, कधी पाखराचं आणखी काही पडतं. तोडा, तोडा म्हणून ती माझ्या मागं लागलेली. या थंडीत मी ठरवलं आणि कोयत्याला धार लावायला बसलो. धारेचा आवाज भिंतीपलीकडे गेला.

मेहेंदळे लगेच आले. झाड तोडायला परवानगी लागते म्हणाले. मी म्हटलं, फांदी मेलेली आहे, मेलेल्याची परवानगी कुणाला विचारू? ते गेले. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यांच्या खिडकीपासून माझ्या फांदीपर्यंत दोरी, आणि दोरीवर ओली चादर. कुणाची चादर वाळत असताना फांदी तोडणं शोभत नाही, हा डाव. डाव चांगला होता, पण चादरीला पहिल्यांदा भ्याली ती काळी चिमणीच. दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मेहेंदळे चादर काढत होते आणि स्वतःलाच शिव्या देत होते, कुजबुजत.

मग डिंकाच्या लाडवांचा डबा आला. "जास्त झालेत," म्हणाले. हिरानं एक लाडू उचलला, ओट्यावर आपटून बघितला आणि म्हणाली, "हे वहिनींचे न्हाईत. ह्यांनी सोताच वळलेत." मी अडकित्त्यानं फोडून खाल्ला. डिंक कच्चा होता.

शेवटी ते भिंतीशी येऊन उभे राहिले. विनंती करायची त्यांच्या घराण्यात चाल नाही. ते म्हणाले, "होळीपर्यंत थांबलात तर आपलं काही बिघडणार नाही, असं माझं मत आहे."

मी म्हटलं, माझं मत वेगळं आहे. एकदा बोललो की मी मागं घेत नाही. कारखान्यात साहेबापुढं घेतलं नाही, तर लाडवापुढं काय घेणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन शेवग्याखाली गेलो. पाखरू फांदीवर होतं. ते उडालं की चढायचं, म्हणून खोडाला टेकून उभा राहिलो. पलीकडे अळवात माकडटोपी दिसत होती. तेवढ्यात वहिनी मागच्या दारात आल्या आणि पाखराकडे बघून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"काय रे बाबा, आज उशीर केलास? बरं, ह्यांना विचार, गोळी घेतली का."

पाखरू उडालं नाही. गल्लीतला खोकला त्याला चालत नाही, पण वहिनींचा आवाज चालत होता. अळवातून कुजबुज आली.

"सांग तिला, घेतली."

"विचार, आजची की कालची."

"सांग, आजची."

"पुडीत तर आजची तशीच आहे म्हणावं."

पाखरानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, शेपटी थरथरवली.

"सांग, घेतो," मेहेंदळे म्हणाले.

"आणि म्हणावं, स्वेटरचं वरचं बटण तुटलंय. छातीत वारं शिरतं. काढून खुंटीला ठेवा, लावून ठेवीन."

नंतर त्या अळवातून असा आवाज आला की मी तो आधी कधी ऐकला नव्हता. कुजबुजच होती, पण मऊ.

"सांग तिला, चहात काल आलं छान पडलं होतं."

वहिनी आत गेल्या. मेहेंदळ्यांनी बसल्या बसल्या स्वेटर काढला आणि थंडीत नुसत्या सदऱ्यावर बसून राहिले. माझ्या डोक्यावर ती काळी चिमणी, हातात धार लावलेला कोयता. मी घरात आलो. तोडली का, हिरानं विचारलं. मी म्हटलं, कोयता बोथट आहे. ती माझ्याकडे बघत राहिली, कारण सकाळीच तिनं त्याच कोयत्यानं नारळ फोडला होता. मग म्हणालो, ते पाखरू जाऊ दे एकदाचं, मग तोडतो. मेहेंदळ्यांना वाटलं लाडू लागू पडले. वाटू दे. थंडीभर त्यांनी माझ्याकडे जिंकल्यासारखं बघितलं आणि मी ते सहन केलं, हे मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

होळी झाली, ऊन चढलं. हिरानं कुरडयांचा चीक शिजवला आणि बाज अंगणात ओढली. मी झाडांना पाणी घालत होतो. फांदीवर तीन-चार दिवसांत काही बसलेलं मी बघितलं नव्हतं. थंडीचं पाखरू ते, परत गेलं असणार.

भिंतीपलीकडे मेहेंदळे नेहमीच्या खुर्चीत होते. स्वेटर नव्हता, टोपी नव्हती. मागच्या दाराकडे तोंड करून ते कुजबुजले, "आलाय बरं का."

मी वर बघितलं. फांदी रिकामी होती.

वहिनी दारात आल्या. त्यांनीही फांदीकडे बघितलं. नीट बघितलं, कपाळावर हात धरून. सुईत दोरा त्या चष्म्याशिवाय ओवतात.

"हो का," त्या म्हणाल्या. "मग ह्यांना सांग, मंडईत कैऱ्या आल्या असतील. लोणचं घालायचंय. मला काही इथल्या गाडीवरच्या चालत नाहीत."

मेहेंदळे खुर्चीतून उठलेच. "विचार तिला, मी घेऊन येऊ?"

"नको म्हणावं. ह्यांना कैरी कळत नाही." वहिनींनी फांदीवरची नजर काढली आणि खुर्चीकडे बघितलं. "दोघं जाऊ."

मी नळ बंद केला. मागून हिरा चिकाची परात घेऊन आली आणि वरच्या फांदीकडे न बघता मला म्हणाली, "गेलं का हो ते पाखरू? मग आज तोडूनच टाका."

मी म्हटलं, "बसलंय अजून. बाज तिकडं सरकव."